ब्लॉकेज काढलं, मग ठोके का बिघडतात?

मामाला अटॅक आला तो गेल्या पावसाळ्यात. बलून झाला, एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा मामीने कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘एलव्हीईएफ ३५%’. मी आरोग्यावर लिहितो, त्यामुळे नात्यागोत्यातली अशी सगळी कार्डं फिरत फिरत माझ्याकडे येतात.

“अरे, डॉक्टर म्हणाले ब्लॉकेज पूर्ण काढलं. मग पंपिंग पस्तीसच टक्के कसं? उरलेलं पासष्ट टक्के बंद पडलंय का?”

मामाच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आयसीयूत शेजारच्या खाटेवरचा माणूस संध्याकाळी छान गप्पा मारत होता. दाखल झाल्याच्या दुसऱ्या रात्री त्याचा मॉनिटर एकदम किंचाळायला लागला, सिस्टर धावल्या, त्याला शॉक द्यावा लागला. “त्याचंही ब्लॉकेज काढलं होतं की. मग असं का झालं?”

दोघांचे प्रश्न तसे एकच. हृदयाला पाणीपुरवठाही लागतो आणि वीजपुरवठाही. अटॅक ही नळाची तक्रार. अँजिओप्लास्टीने नळ मोकळा होतो. पण तेवढ्या वेळात भिंतीत जे पाणी मुरलेलं असतं, त्याने वायरिंग खराब झालेलं असू शकतं, आणि ते स्टेंटने दुरुस्त होत नाही.

ताशा, ढोल आणि कल्लोळ

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो आपणहून विजेची ठिणगी टाकतो, विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाला लाखभर. ही ठिणगी आधी वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या नाक्यावर क्षणभर थांबते, आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरते. नाक्यावरच्या त्या थांब्यामुळेच वरचे कप्पे रिकामे होईपर्यंत खालचे दम धरतात.

गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. ताशा लय देतो, ढोल ती उचलतात. एखाद्या ढोलाचा मध्येच एक टिपरू जास्तीचा पडला, तर तो जादा ठोका. असे ठोके धडधाकट माणसालाही पडतात. पण समजा ताशाकडे कान न देता एका कोपऱ्यातल्या ढोलाने आपलीच दुप्पट वेगाची लय धरली आणि बाकीचे त्याच्यामागे गेले, तर ते व्हीटी. खालचे कप्पे इतके घाईने आवळतात की त्यांना भरायलाच वेळ मिळत नाही. आणि प्रत्येक ढोल स्वतःच्या मनाने वाजायला लागला तर नुसता कल्लोळ उरतो, ताल नाही. हे व्हीएफ. हृदय हलत असतं, थरथरत असतं, पण रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो.

या सगळ्या बिघाडांना मिळून डॉक्टर अरिदमिया म्हणतात. आपण ठोक्यांचा बिघाड म्हणू.

पहिला तास आणि पहिले दोन दिवस

रक्त थांबलं की स्नायूच्या पेशीला प्राणवायू मिळत नाही. पेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप असतात. ते थकतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि पेशी चिडचिडी होते. एकाच भिंतीत काही पेशी मेलेल्या, काही अर्धमेल्या, काही ठणठणीत. वीज इथून झरकन जाते, तिथे अडखळते. व्हीएफला याहून सोयीची जमीन नाही. म्हणून अटॅकमधले पुष्कळ मृत्यू पहिल्या तासाभरात, दवाखान्याची पायरी चढायच्या आत होतात.

आपल्याकडे दुखणं इथेच आहे. भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटं. म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांहून जास्त लागले. या सहा तासांत काय चालतं ते घरोघरी ठाऊक आहे: ओवा, सोडा, गॅसची गोळी, ‘थोडं पडून बघतो’. मामानेही आधी ओवाच चावला होता. उशीर झाला की मेलेला स्नायू वाढतो, आणि जितका स्नायू मेला तितका पुढे ठोक्यांचा धोका. माझ्या मते बदलता येण्याजोग्या सगळ्या जोखमींत ही सर्वात मोठी, आणि तिच्यावर बोललं जातं सर्वात कमी. गोव्याने २०१८ पासून एक चांगली वाट धरली आहे. लहान सरकारी केंद्रात काढलेला ईसीजी गोवा मेडिकल कॉलेजच्या हृदयतज्ज्ञांकडे जातो, आणि त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या केंद्रातच दिलं जातं. रुग्ण बांबोळीला, म्हणजे त्या कॉलेजच्या रुग्णालयात, पोचेपर्यंत थांबत नाहीत.

आता मामाचा शेजारी. त्याला व्हीएफ आलं ते पहिल्या ४८ तासांत. घरच्यांचा धीर सुटला असणार, पण एक उलटी वाटणारी गोष्ट इथे आहे. या दोन दिवसांतलं व्हीएफ बहुतेक वेळा ताज्या जखमेच्या चिडचिडीतून येतं. वेळेवर शॉक मिळून माणूस वाचला, तर केवळ त्या प्रसंगामुळे त्याचं पुढचं आयुष्य फार धोक्याचं ठरत नाही. याउलट आठवड्याने किंवा महिन्याने, नवा अटॅक नसताना व्हीटी किंवा व्हीएफ आलं, तर डॉक्टरांच्या कपाळावर जास्त आठ्या पडतात. कारण तेव्हा दोष जखमेचा नसून व्रणाचा असतो.

चाळीत ‘पाणी आलं’

मेलेला स्नायू परत उगवत नाही. काही आठवड्यांत तिथे पांढरट, चिवट व्रण तयार होतो. अख्खा व्रण वीज वाहून नेत नाही, पण त्याच्या कडेला आणि पोटात जिवंत स्नायूचे बारीक धागे उरलेले असतात. खरी भानगड या धाग्यांची.

दोन जिन्यांची चाळ घ्या. खालून कोणी ओरडलं, “पाणी आलं!” निरोप दोन्ही जिन्यांनी वर जातो, वरच्या गॅलरीत मध्यावर भेटतो आणि संपतो. सगळे एकदा बादल्या घेऊन उठले, काम झालं. आता एक जिना असा करा की खालून त्याच्यावर चढताच येत नाही, आणि वरून उतरायचं तरी फार सावकाश. निरोप चांगल्या जिन्याने वर जातो, गॅलरीतून पलीकडे येतो, खराब जिन्याने रेंगाळत उतरतो. तळाशी पोचेपर्यंत लोक पहिली हाक विसरून गेलेले असतात. त्यांना वाटतं नवीनच हाक आली. ते पुन्हा उठतात, निरोप पुन्हा चांगल्या जिन्याने वर, आणि हे चक्र थांबेना होतं.

व्रणातला सावकाश धागा म्हणजे तो खराब जिना. अटॅकनंतर महिन्यांनी, अगदी दहा-पंधरा वर्षांनीही येणारी व्हीटी बहुधा अशी गोल फिरत असते. जिना तयार असतो. एखादा भलत्या वेळी पडलेला जादा ठोका ती पहिली हाक देतो.

पस्तीस टक्के कशाचे?

मामीच्या प्रश्नाकडे येऊ. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात समजा १२० मिली रक्त असतं. एका ठोक्यात तो ७० मिली बाहेर ढकलतो. म्हणजे साधारण ५८ टक्के. हाच एलव्हीईएफ, बोली भाषेत पंपिंग. निरोगी माणसाचं पंपिंगही ५५ ते ७० च्या घरात असतं. शंभर कोणाचंच नसतं, कारण कप्पा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. तेव्हा ३५ हा आकडा शंभरातून वजा करायचा नाही, साठाशेजारी ठेवून बघायचा.

पण म्हणून तो हलकाही नाही. अटॅकनंतर पंपिंग कमी झालेल्या किंवा फुप्फुसांत पाणी साचलेल्या साडेचौदा हजार रुग्णांच्या ‘व्हॅलियंट’ या अभ्यासाचं २००५ मध्ये विश्लेषण झालं. अचानक मृत्यूचा किंवा हृदय बंद पडण्याचा धोका पहिल्या महिन्यात १.४ टक्के होता. दोन वर्षांनंतर तो दरमहा ०.१४ टक्क्यावर आला, म्हणजे दहावा हिस्सा. आणि पहिल्या महिन्यात पंपिंग दर पाच टक्क्यांनी कमी असेल तसा धोका सुमारे २१ टक्क्यांनी चढत होता. आज धमन्या लवकर उघडतात, औषधंही सुधारली आहेत, तेव्हा हेच आकडे जसेच्या तसे मामाला लावायचे नाहीत. चढ-उताराचा आकार मात्र तोच राहतो.

बाकीच्या जोखमी बहुतेक याच आकड्याच्या आजूबाजूच्या आहेत. आधी एखादा अटॅक येऊन गेलेला असणं, दाखल होताना फुप्फुसांत पाणी असणं, वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार. मधुमेह्यांचा अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो, त्यामुळे तो उशिरा कळतो आणि व्रण मोठा होतो.

कार्डावर आणखी एक गूढ अक्षरमाळ असते: एडब्ल्यूएमआय किंवा आयडब्ल्यूएमआय. पहिला समोरच्या भिंतीचा अटॅक, दुसरा खालच्या. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये ठोके मंदावण्याचे प्रकार जास्त, कारण मधल्या नाक्याला रक्त देणारी शाखा बहुतेकांत, खालच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या त्याच उजव्या धमनीतून निघते. नाडी चाळीसवर येते, घरचे घाबरतात, तात्पुरता पेसमेकर लागतो, आणि बऱ्याचदा काही दिवसांत नाका पुन्हा सुरू होतो. समोरच्या भिंतीत असा अडथळा कमी वेळा येतो, पण आला तर गंभीर. तिथे नाक्याच्या खालची मुख्य वायरच जळालेली असते.

वरच्या कप्प्यांचाही एक बिघाड आहे, एएफ. यात वरचे कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात आणि नाडी कुठलाच ताल न धरता पडते. अटॅकनंतर हा पुष्कळांना होतो, विशेषतः वय झालेल्यांना, रक्तदाबवाल्यांना आणि ज्यांचं पंपिंग कमी झालंय त्यांना. व्हीएफसारखा तो जागच्या जागी जीव घेत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून अशांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं गणित नव्याने मांडावं लागतं.

“पण धडधड तर होत नाही!”

धडधड हा फार कच्चा साक्षीदार आहे. काहींना निरुपद्रवी जादा ठोके छातीत उडी मारल्यासारखे जाणवतात, झोप उडते. काहींचं पंपिंग तीसवर असतं, त्यांना काहीच जाणवत नाही, आणि धोका मात्र त्यांचाच मोठा. चोवीस तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठोके नोंदवत राहणारं छोटं ईसीजी यंत्र) नॉर्मल आलं याचा अर्थ इतकाच की त्या चोवीस तासांत काही झालं नाही. बसल्या जागी चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं ही तक्रार मात्र कमी पंपिंगवाल्याने एका दिवसानेही लांबवू नये. त्या वेळी व्हीटी येऊन आपोआप थांबलेली असू शकते.

उलट बाजूची शंकाही येते: होल्टरमध्ये जादा ठोके दिसले, तर ते दाबायची गोळी का देत नाहीत? डॉक्टरांनाही एके काळी हेच वाटत होतं. ज्यांना जादा ठोके जास्त त्यांचे मृत्यू जास्त, तर ठोके दाबा, मृत्यू टळतील. इतकं सरळ होतं ते. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत हा समज तपासला गेला. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी जादा ठोके खरोखरच कमी झाले होते. पण १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत ६३ मृत्यू झाले होते आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांत २६. दोन्ही गटांत माणसं जवळपास सारखीच, साडेसातशेच्या आसपास. या गोळ्या वीज मंदावत होत्या. म्हणजे खराब जिना त्या आणखी सावकाश करत होत्या. ईसीजी देखणा होत गेला आणि माणसं मरत गेली. मला वाटतं, रिपोर्ट सुधारणं आणि माणूस सुधारणं यांतला फरक सांगायला याहून बोचरं उदाहरण सापडणार नाही.

मग शॉकचं मशीन लगेच का बसवत नाहीत?

हे मशीन म्हणजे आयसीडी. गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसतं, ठोक्यांवर सतत नजर ठेवतं, व्हीटी-व्हीएफ आलं तर आतूनच झटका देतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. २००२ च्या ‘मॅडिट-२’ चाचणीत जुना अटॅक आणि पंपिंग ३० किंवा त्याखाली असलेल्या लोकांत सरासरी वीस महिन्यांत साध्या उपचारांवर १०० पैकी सुमारे २० जण दगावले, मशीनवाल्यांत १४.

मग पहिला महिना सर्वात धोक्याचा असेल तर मशीन पहिल्याच महिन्यात बसवावं, हे कोणालाही सुचेल. २००४ च्या ‘डायनामिट’ चाचणीने तेच केलं, अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत. ठोक्यांच्या बिघाडाने होणारे मृत्यू घटले, दुसऱ्या कारणांनी होणारे वाढले, आणि एकूण बेरीज जवळपास तिथेच राहिली. सुरुवातीचे सगळेच अचानक मृत्यू शॉकने टळणारे नसतात. कधी नवी गुठळी असते, कधी भिंत फाटते. शिवाय अटॅकनंतर बराच स्नायू मेलेला नसतो, सुन्न पडलेला असतो. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो, तसा. तो काही आठवड्यांत जागा होतो आणि पंपिंग वर येतं. आज ३५ वर मशीन बसवलेल्या माणसाला काही महिन्यांनी त्याची गरजच उरलेली नसेल, असंही होऊ शकतं.

म्हणून निर्णय थांबवतात: अटॅकनंतर किमान ४० दिवस, अँजिओप्लास्टी झाली असेल तर साधारण तीन महिने. त्या काळात औषधं पूर्ण मात्रेला आणतात आणि मग पुन्हा इको, म्हणजे पंपिंग मोजणारी हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग अजून ३५ किंवा त्याखाली असेल, तर मशीनचा विषय निघतो.

व्यवहारात नेमका हा दुसरा इको हरवतो. माणूस हिंडायला-फिरायला लागलेला असतो, बिल भागवून घर थकलेलं असतं, आणि ‘आता बरंय की’ म्हणून तारीख टळते. मामाच्या कार्डावर तळाशी डॉक्टरांनी पेनाने ‘इको पुन्हा, ३ महिने’ असं खरडलं होतं. मामीने ते ‘रेको’ वाचून सोडून दिलं होतं. आम्ही कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली, लाल पेनाने लिहून ठेवलं. दुसऱ्या इकोत आकडा ४६ आला. मशीन लागलं नाही. मामाचं म्हणणं, नापास होता होता वाचलो.

गोळ्या, मीठ आणि शहाळं

ठोक्यांचं रोजचं राजकारण पोटॅशियमवर चालतं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी, जुलाब-उलट्यांनी ते खाली जातं, मॅग्नेशियमही जातं, आणि व्रण असलेल्या हृदयाला बिघडायला निमित्त मिळतं. उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब झाले आणि लघवीची गोळी नेहमीसारखी चालूच ठेवली, हे मी दोन घरांत पाहिलं आहे. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

उलटंही होतं. अटॅकनंतरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल आणि घरात प्रेमाने रोज दोन शहाळी पाजली जात असतील, तर ते वर चढतं. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं, हे पुडीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जास्त पोटॅशियमही हृदय बंद पाडू शकतं. शहाळं वाईट नाही, पण आधी रक्ताचा रिपोर्ट बघा. तसंच, काही अँटिबायोटिक आणि उलटीच्या गोळ्या प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ लांबवतात, आणि त्यातून ठोके बिघडू शकतात. केमिस्टकडून परस्पर गोळी घेताना ‘मला अटॅक येऊन गेलाय’ एवढं वाक्य तरी बोलावं.

बीटा ब्लॉकरची, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांची, बातमी अनेकांनी वाचली असेल. मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत २०२४ मध्ये दिसलं की अटॅकनंतर पंपिंग ५० किंवा त्याहून वर असेल, तर या गोळ्यांचा फायदा दिसत नाही. बातमी खरी आहे, पण ती पंपिंग चांगलं असलेल्यांची. पंपिंग कमी असलेल्यांत याच गोळ्या अचानक मृत्यू कमी करतात. आणि त्या एकदम बंद केल्या तर नाडी, रक्तदाब उसळतात. मामाने व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून दोन दिवस गोळी घेतली नव्हती. मामीने चहाच्या डब्यामागे लपवलेली पट्टी शोधून काढली.

घरात कोणी कोसळलं तर

अभिनेते श्रेयस तळपदे यांच्याबाबतीत हे घडलं. १४ डिसेंबर २०२३ ला मुंबईत चित्रीकरण आटोपून ते घरी आले, अस्वस्थ वाटू लागलं, पत्नी त्यांना दवाखान्यात घेऊन निघाल्या आणि वाटेतच त्यांची शुद्ध गेली. छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्यांना परत आणलं, असं त्यांनी नंतर स्वतः मुलाखतींत सांगितलं. वय ४७. आधी नळ तुंबला, मग वायरिंग गेलं. अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या घटना एकामागून एक कशा येतात, ते यात दिसतं.

व्हीएफमध्ये काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली तरी ती दहा मिनिटं घरच्यांची असतात. हाक मारून, खांदा हलवून माणूस प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, किंवा मासोळीसारखा अधूनमधून आ वासतोय, तर हृदय बंद आहे असंच धरायचं. तो आ वासणं म्हणजे श्वास नव्हे. इथेच लोक फसतात आणि थांबून राहतात. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं, हात थांबता कामा नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी), पाणी, काहीही घालायचं नाही. आणि माणूस गादीवर असेल तर आधी खाली फरशीवर घ्यायचा, कारण गादीवर दाबलं तर छातीऐवजी गादीच दबते.